पायी मागितलेली बून

"फोन कर म्हणतेय ना मी! एक फोन, आई. परवा सकाळी तीन जण यंत्रं घेऊन दारात उभे राहतील आणि चहाच्या आत सगळी मेंढरं कातरून जातील."

"आणि मी काय करू? दारात उभी राहून टाटा करू त्यांना?"

"तू खुर्चीत बस. जन्मात एकदा तरी बस!"

"बसेन की. ऑक्टोबरात तुझ्या त्या लीड्समधल्या खोलीत येऊन बसायचंच आहे. खिडकीत कुंडी ठेवतात तशी ठेव मला. पण ही कातरणी मी बून घालूनच करणार."

"कुणी येणार नाही."

"मागितल्याशिवाय कसं कळणार?"

"चार वर्षं आपण कुणाकडे मागितलं नाही, कुणाकडे गेलो नाही. आता एकदम उठून..."

"म्हणून तर पायी जातेय. माझे बूट कुठे ठेवलेस?"

ऑड्रीनं चुलीमागून बूट काढले आणि आईपुढे टाकले. विनी मॉसप वाकून नाड्या बांधायला लागली. घोटे सुजलेले होते, त्यामुळे नाड्या वरच्या भोकांपर्यंत पोचत नव्हत्या.

"आधी कुणाकडे जाणारेस?" ऑड्रीनं विचारलं.

"जवळचं घर आधी. बेकसाइड."

"लँटीकडे? आई, तो बाबांना पुरलं तेव्हा चर्चच्या फाटकाच्या आतसुद्धा आला नाही."

"टोपी काढून उभा होता."

"फाटकाबाहेर!"

"टोपी काढून," विनी म्हणाली आणि काठी घेऊन निघाली.

विनी मूळची या खोऱ्यातली नव्हे. डोंगरापलीकडून ती लहान वयातच थ्रँगला कामाला आली आणि पुढे थ्रँगच्याच मुलाशी, जॉसशी, लग्न करून तिथली झाली. थ्रँग हे नुसतं घराचं नाव नाही. घर, त्याच्या दगडी भिंतींतली कुरणं, वरचा डोंगर आणि डोंगरावरची करडी हर्डविक मेंढरं, असं सगळं मिळून थ्रँग. मालक दूर शहरात. कुळ बदललं तरी मेंढरं जागेवर राहतात, माणसं जातात. जॉस मार्चमध्ये गेला. विधवेला एकटीला कुळ म्हणून ठेवायला मालक तयार नव्हता, म्हणून ऑक्टोबरात विनी जाणार होती. ही तिची शेवटची कातरणी.

बून म्हणजे आपल्याकडे इर्जिक घालतात तसाच प्रकार. जुलैत ज्या घराची कातरणी, तिथे सगळं खोरं आपापली कात्री नि मेंढी घेऊन बसायचं आपापलं बाकडं घेऊन जायचं. दिवसभर राबायचं, ताटभर जेवायचं, आणि मग पुढच्या घराची पाळी. मजुरीचं नाव कुणी काढायचं नाही. फक्त मागायला घरच्या माणसानं स्वतः यायचं, पायी यायचं आणि उंबऱ्याबाहेर उभं राहून मागायचं. कुंपणावरून हाक मारून नाही, निरोप धाडून तर नाहीच. आणि ज्याच्याकडे मागितलं त्यानं तिथल्या तिथे 'येतो' म्हणायचं. 'बघतो' असं उत्तर या खोऱ्यात विनीनं कधी ऐकलं नव्हतं.

लग्नानंतरच्या पहिल्या बूनला तिनं आल्याचा केक करपवला होता. कोपऱ्यात तोंड लपवून रडत होती. तेव्हा बेकसाइडचा लँटी बर्केट आत आला, उभ्याउभ्या तीन तुकडे खाल्ले आणि म्हणाला, "विने, कोळसा झकास जमलाय. आता यात थोडा केक घालायला शिक." जॉस आणि लँटी एकाच वर्षाचे. कातरणीला त्यांची बाकडी शेजारी शेजारी, मध्ये एक मेंढी निसटणार नाही एवढीच फट. दिवसभर एकमेकांची उणीदुणी काढत कातरायचे. जॉसची कात्री चालते की मेंढी जांभई देते, असं लँटी म्हणायचा. लँटीनं कातरलेली मेंढी आरशात बघत नाही, असं जॉस म्हणायचा.

आणि मग चार उन्हाळ्यांपूर्वी लँटीनं बून मागितली, जॉस "येतो" म्हणाला, आणि त्या दिवशी जॉसऐवजी बेकसाइडच्या फाटकात गावातून रोजावर आणलेला एक अनोळखी माणूस कात्री घेऊन उभा राहिला. "मॉसपनं पाठवलंय. त्याच्या बदली."

लँटीनं त्या माणसाला आत घेतलं, पोटभर जेवू घातलं, कात्रीला हात लावू दिला नाही, आणि परत पाठवलं. त्यानंतर तो जॉसशी एक शब्द बोलला नाही.

का पाठवला तो माणूस, हे एकट्या विनीला माहीत होतं. जॉसचे हात थरथरायला लागले होते. आधी नुसता कप वाजायचा बशीवर, मग बटणं लागेनात. त्या बूनच्या दिवशी पहाटे त्यानं गोठ्यात एक मेंढी बाकड्यावर घेऊन हात चालवून पाहिला. विनी आवाज ऐकून धावली तेव्हा मेंढीचा कान अर्धा लोंबत होता, आणि जॉस रक्ताळलेली कात्री मांडीवर घेऊन बसला होता. "कुणाला सांगू नकोस," तो म्हणाला. "लँटीला तर नाहीच नाही. शपथ घे." तिनं शपथ घेतली. पुढच्या कातरण्या त्यांनी गोठ्याचं दार लावून केल्या. तो मेंढी धरायचा, आणि विनी वाकडंतिकडं कातरायची. बाहेर खोरं म्हणायचं, मॉसपला आता शेजारी नको झालेत.

बेकसाइडच्या दारात लँटीची बायको फीबी आली. विनीकडे बघितलं, तिच्या पायांकडे बघितलं, आणि आत वळून ओरडली, "अहो, थ्रँग आलंय!"

लँटी सावकाश बाहेर आला. म्हातारा झाला होता. तोंडात पाइप, पण विझलेला.

"बोल."

"लँटी, शुक्रवारी पाऊस नसला तर थ्रँगची कातरणी आहे. मी बून मागायला आलेय."

"अस्सं." त्यानं पाइप काढला. "मग एखादा माणूस पाठवून देतो. तुमच्यात तीच पद्धत ना?"

"अहो!" फीबी पुटपुटली.

"अहो काय? मी त्याच्याकडे हात मागितले होते का? हात काय, बाजारात मिळतात. मी त्याला मागितलं होतं."

विनीच्या ओठावर सगळं आलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण शपथ होती. आणि शपथ नसती तरी तिला वाटलं, असं नको. दुखणं पुढे करून मागितलं की समोरच्याला 'येतो' म्हणणं भागच पडतं. ती बून नव्हे.

"मी ऑक्टोबरात चाललेय," ती म्हणाली. "शेवटची आहे."

लँटीनं तिच्या बुटांकडे बघितलं.

"पायी आलीस?"

"मग काय उडत?"

"पाय कसे आहेत?"

"दिसतायत की."

"येतो," लँटी म्हणाला आणि आत गेला. फीबीनं तिला बस म्हटलं, पण विनी बसली नाही. अजून बाकीची घरं व्हायची होती. बेकसाइडनं होकार दिला म्हटल्यावर पुढच्या दारांत कुणी फार विचारलं नाही. टायसन म्हणाला, "लँटी येतोय? मग मला बघायलाच यावं लागेल." डिक्सन भावांनी तर तिला परतीला ट्रॅक्टरवर बसवून आणलं.

गुरुवारी मायलेकी बटाटे सोलत बसल्या. बूनला मटण-बटाट्याच्या मोठाल्या पराती लागतात, वर काळी रक्ती, सोबत लाल कोबीचं लोणचं.

"ऑड्री, तुझ्या त्या कागदांत असते का गं बून?"

ऑड्री लीड्सला जुने कागद वाचायच्या कामावर होती. मठांचे, सरदारांचे, सहाशे-सातशे वर्षांपूर्वीचे.

"भरपूर असते. म्हणून तर मला तुझा राग येतो. मुळात तो शब्द म्हणजे प्रार्थना, आई. उत्तरेकडच्या ज्या दर्यावर्दींनी होड्यांतून येऊन आपल्या ओढ्यांना नि कड्यांना नावं दिली, ते देवापुढे मागायचे ती बोन. पुढे जमिनी मठांच्या झाल्या. कापणीला माणसं कमी पडली की मठाचा कारभारी गावाकडे बून मागायचा. म्हणायला मागणं. नाही म्हणालात की दंड."

"म्हणजे वेठ."

"वेठच. फक्त जेवण मिळायचं. बिअर दिली तर ती ओली बून, नुसतं पाणी दिलं तर कोरडी. आणि भांडणं काय सांगू! एका कागदात गावकऱ्यांची तक्रार आहे, मासा वास मारत होता म्हणून."

विनी हसली. "म्हणजे जेवणाला नावं ठेवणारे लँटी तेव्हापासूनच आहेत."

"घरटी एक माणूस द्यायचा. स्वतः नाही जमलं तर बदली चालायचा. मठाला हात मोजून हवे असत, ते कुणाचे याच्याशी काही देणंघेणं नसे. मग मठ गेले, सरदार गेले, वेठ विरून गेली. शब्द तेवढा मागे राहिला, तो या डोंगरातल्या लोकांनी उचलला आणि एकमेकांत वापरायला लागले."

विनीची सुरी थांबली. "बदली चालायचा?"

"हो."

"म्हणजे तुझ्या बापानं लँटीला मठाचा कारभारी करून टाकलं."

ऑड्रीनं आईकडे नीट बघितलं. "बाबांनी का केलं तसं? मी किती वेळा विचारलंय तुला."

"बटाटे सोल. आणि आता? शहरात म्हणतात का बून?"

"म्हणतात ना. जाहिरातीत. धुलाईयंत्र म्हणजे गृहिणीला मोठी बून."

"ते कुणाकडे मागायचं?"

"कुणाकडेच नाही. दुकानातून आणायचं. आता त्याचा अर्थ असा, की काहीतरी छान मिळालं आणि त्यासाठी कुणाच्या दारात उभं राहावं लागलं नाही."

"अरेरे," विनी म्हणाली, कुणाचं दुखणं कळल्यावर म्हणावं तसं.

शुक्रवार कोरडा उजाडला. डिक्सन भावांनी कुत्र्यांसकट डोंगरावरून कळप खाली आणला, आणि दव वाळेपर्यंत गोठ्यापुढचं अंगण बाकड्यांनी भरून गेलं. विनीनं जॉसचं बाकडं बाहेर काढून त्याच्या नेहमीच्या जागी ठेवलं होतं. लँटी सगळ्यात शेवटी आला, खांद्यावर बाकडं घेऊन. त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि आपलं बाकडं जॉसच्या बाकड्याला खेटून मांडलं. टायसननं उगाच नाक शिंकरलं.

पहिली मेंढी घरच्या कात्रीनं कातरायची असते.

"जॉसची कात्री आण, विने," लँटी म्हणाला.

तिनं आणली. लँटीनं हातात घेतली आणि उलटसुलट करून बघितली. दोन्ही मुठींना फ्लॅनेलच्या चिंध्या गुंडाळलेल्या होत्या, थरांवर थर, वरून दोऱ्यानं आवळलेल्या. हातातून निसटू नये म्हणून जॉसनं बेकसाइडच्या त्या बूनआधीच्या रविवारी दुपारभर बसून त्या गुंडाळल्या होत्या.

"हे काय? लंगोट बांधलाय की काय कात्रीला?"

अंगणात हशा पिकला.

"लोणी लागलं होतं का हाताला त्याच्या? नाहीतर म्हातारपणी हात मऊ पडले असतील, बाजारची माणसं राबवून राबवून!" लँटीनं खिशातला चाकू काढला, दोरा कापला, आणि चिंध्या सोडून खाली मातीत टाकल्या. "हां. आता कात्रीसारखी दिसते."

विनी वाकली. एकेक चिंधी उचलून तिनं एप्रनच्या खिशात घातली.

"कशाला गोळा करतेस?" टायसनची बायको म्हणाली.

"भांडी पुसायला होतील," विनी म्हणाली.

दिवस बघता बघता गेला. लोकर गुंडाळायला बायका, पकडून आणायला तरणी माणसं, आणि दाराशी खुर्चीत बसून कातरलेल्या मेंढीच्या पाठीवर लाल गेरूचा पट्टा ओढायला म्हातारा विल्यम हडसन. त्याच्या डोळ्यांना फारसं दिसत नाही, म्हणून गेली कित्येक वर्षं गेरू त्याच्याकडे. पट्टा कधी मेंढीवर, कधी शेजारच्या पाटलोणीवर. लँटी त्याच्यावर ओरडत होता, डिक्सन भाऊ एकमेकांवर पैज लावत होते, ऑड्री केसांत लोकर अडकवून चहा वाटत होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून विनीला जॉसचं रिकामं बाकडं दिसत होतं. मध्येच लँटी सवयीनं त्या बाजूला मान वळवायचा, काहीतरी टोमणा तोंडात घेऊन, आणि तसाच गिळून परत कामाला लागायचा.

जेवणं झाली. पराती पुसल्यासारख्या झाल्या. जाताना एकेक जण विनीचा हात हातात घेऊन गेला. कुणी निरोपाचं बोललं नाही. "येतो गं," एवढंच, जसं पुढच्या वर्षी पुन्हा यायचं आहे. फीबी टायसनांबरोबर पुढे गेली. लँटी मात्र टेबलाशी बसून राहिला. संध्याकाळ उलटली तरी बाहेर उन्हाळ्याचा लख्ख उजेड होता. कातरलेल्या आया नि त्यांना न ओळखणारी काळी कोकरं डोंगरभर ओरडत होती.

"लोणचं झणझणीत होतं," लँटी म्हणाला.

"मग?"

"मग काही नाही." तो रिकाम्या ताटावरचा काटा सरळ करत राहिला. "विने, एक विचारतो. चार वर्षं मी हेच घोळवतोय. नांगर हाकताना, झोपताना. मी त्याचं काय वाकडं केलं होतं? माझ्या मोठ्या भावाला पुरलं तेव्हा त्यानं माझा हात धरला होता. आणि माझ्या बूनला तो माणूस विकत घेऊन पाठवतो? का?"

"तू त्याला का नाही विचारलंस?"

"मी का विचारू? चूक त्याची."

मोरीशी ऑड्री भांडी विसळत होती. तिचे हात थांबले.

विनीनं एप्रनच्या खिशात हात घातला आणि चिंध्यांचा गोळा टेबलावर ठेवला. मातीनं मळलेला, मेंढीच्या तेलाचा वास येणारा.

"शपथ घातली होती त्यानं मला," ती म्हणाली. "आज तू कातरणी केलीस, शब्द पाळलास, आता मी मोडते. त्याचे हात गेले होते, लँटी. थरथरायचे. चमचा तोंडापर्यंत पोचायचा नाही. तुझ्या बूनच्या पहाटे त्यानं बिचाऱ्या मेंढीचा कान कापला. मग सायकल काढून गावात गेला नि माणूस ठरवून आला. म्हणाला, माझे हात नाही तर नाही, कुणाचे तरी हात पोचायला हवेत, नाहीतर लँटीचं काम अडेल."

मोरीत एक ताटली घसरली. फुटली नाही.

"आई," ऑड्री म्हणाली. "मला पण नाही सांगितलंस?"

"तुला पण नाही."

लँटीनं एक चिंधी उचलली. ती बोटांभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"मी त्याला गेरूवर बसवलं असतं," तो म्हणाला. "विल्यमला बसवतोच ना आपण. दाराशी, खुर्ची टाकून. पट्टा वाकडा गेला असता तर गेला असता. मी..."

"तू हसला असतास."

"हसलो असतोच! जन्मभर हसलो त्याला! त्यानं काय होतंय?"

"त्याला तेच नको होतं, लँटी. तुझ्या शेजारच्या बाकड्यावरून उठून दाराच्या खुर्चीत जायचं नव्हतं."

सकाळी लँटीनं अंगणात जे म्हटलं होतं, ते आता त्याच्या तोंडावर परत आलेलं विनीला दिसलं. तिला वाटलं, आपण गप्प बसायला हवं होतं. मेलेला सुटला होता, आता हा अडकला. पण बोललेलं परत आत घेता येत नाही.

म्हणून तिनं एकच केलं. काठी टेकून ती उठली, दुखऱ्या पायांनी टेबलाला वळसा घातला, दार उघडलं आणि उंबऱ्याच्या बाहेर जाऊन उभी राहिली. मग आत तोंड करून म्हणाली, "लँटी, आणखी एक मागायचंय. मी जायच्या आधी, एखाद्या रविवारी, माझ्याबरोबर चर्चच्या फाटकाच्या आत येशील? त्याच्यापर्यंत? पायी जाऊ, हळूहळू."

ऑड्री पाठमोरी होती. नळ चालूच राहिला होता.

लँटी उठला. चिंधी अजून त्याच्या बोटांना गुंडाळलेली होती. त्यानं टोपी उचलली पण डोक्यावर ठेवली नाही. दारात तो विनीच्या अगदी जवळ आला. तिनं वाट बघितली. या खोऱ्यात असं मागितल्यावर उत्तराला कधी वेळ लागत नाही.

'येतो' न म्हणताच तो तिच्या बाजूनं वाट काढून अंगणात उतरला. दोन बाकडी खेटून तशीच उभी होती. आपलं बाकडं न घेता, मागे न बघता, टोपी हातात धरून, लँटी थ्रँगच्या फाटकातून बाहेर पडला आणि बेकसाइडच्या वाटेला लागला.